विश्लेषण : व्हिडिओ कॅप्चर कार्डाच्या ड्रायव्हरमुळे अख्खा संगणक का कोसळतो?

लग्नाचे थेट प्रक्षेपण सुरू आहे. कॅमेऱ्याची केबल व्हिडिओ कॅप्चर कार्डात आणि कार्ड संगणकात. अक्षता पडायच्या बेतात असतानाच स्क्रीन निळी होते, काही आकडे दिसतात आणि संगणक आपोआप रीस्टार्ट होतो. फक्त प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर बंद पडले असते तर ते पुन्हा सुरू करता आले असते. इथे मात्र अख्खा संगणकच कोसळलेला असतो. अशा वेळी संशयाची सुई कार्डाच्या ड्रायव्हरकडे वळते. कार्ड आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या या छोट्या प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, मुक्त प्रवेश असतो. अशाच एका ड्रायव्हरमुळे जुलै २०२४मध्ये जगभरातील विमानतळ ठप्प झाले होते. व्हिडिओ उपकरणांच्या दुसऱ्या एका ड्रायव्हरमधील चूक तर बंद फोनचे कुलूप उघडण्यासाठी वापरली गेल्याचे २०२५मध्ये समोर आले. ड्रायव्हरची चूक इतकी महागात का पडते, दोषी ड्रायव्हर शोधायचा कसा आणि कंपन्या आता काय बदलत आहेत, याचा हा आढावा.

कर्नल म्हणजे काय आणि ड्रायव्हर तिथे काय करतो?

संगणकात चालणारे प्रोग्राम दोन प्रकारचे असतात. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर, एक्सेल यांसारखे प्रोग्राम ‘युजर मोड’मध्ये चालतात. प्रत्येकाला मेमरीचा स्वतंत्र तुकडा मिळतो आणि दुसऱ्याच्या तुकड्याला हात लावता येत नाही. त्यातील एखादा बिघडला तर ऑपरेटिंग सिस्टीम त्याला बंद करते आणि बाकीचे काम सुरू राहते. दुसरा प्रकार ‘कर्नल मोड’चा. मेमरीचे वाटप, प्रोसेसरचा वेळ, डिस्क, नेटवर्क हे सगळे कर्नल सांभाळतो. त्याला संगणकाचा कोपरा न् कोपरा खुला असतो.

बहुसंख्य ड्रायव्हर याच कर्नल मोडमध्ये चालतात. सोसायटीतील प्रत्येक फ्लॅटला स्वतंत्र कुलूप असते, पण मास्टर चावी असलेल्या माणसाला कुठेही जाता येते. ड्रायव्हर हा असा मास्टर चावीवाला आहे. त्याने चुकून भलतेच दार उघडले तर त्याला अडवणारे वर कुणीच नसते. आपल्याच गाभ्यात काहीतरी चुकले आहे हे लक्षात आले, की पुढे डिस्कवर चुकीची माहिती लिहिली जाण्यापेक्षा काम थांबवलेले बरे, असा निर्णय कर्नल घेतो. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांवर तेव्हा निळी स्क्रीन दिसते, तर लिनक्स आणि मॅकवर त्याला ‘कर्नल पॅनिक’ म्हणतात. कोसळणे ही एका अर्थाने नुकसान आवरण्याची शेवटची युक्ती असते.

ड्रायव्हर इतके बदनाम का?

ड्रायव्हरची ही बदनामी जुनी आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडची तपासणी केली. तेव्हा ड्रायव्हरमधील चुकांचे प्रमाण उर्वरित कर्नलच्या तुलनेत तीन ते सात पट आढळले. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३मध्ये मांडलेल्या निबंधात, विंडोज एक्सपीच्या नोंदवल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के बिघाडांमागे ड्रायव्हर असल्याचे नमूद केले होते. एप्रिल १९९८मध्ये शिकागो येथे बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८चे प्रात्यक्षिक सुरू असताना स्कॅनर जोडताच भर मंचावर निळी स्क्रीन आली, तो प्रसंगही उपकरण जोडण्याचाच होता.

याची कारणे सरळ आहेत. कर्नलचा मूळ कोड जगभर सगळ्यांच्या संगणकावर चालतो, त्यामुळे त्यातील चुका लवकर सापडतात. एखाद्या विशिष्ट कार्डाचा ड्रायव्हर मात्र मोजक्या लोकांकडे असतो. तो लिहिणारी कंपनी हार्डवेअरची असते आणि नवे मॉडेल बाजारात आले, की जुन्याच्या ड्रायव्हरकडे दुर्लक्ष होते. शिवाय उपकरण कधीही काढले जाऊ शकते, सिग्नल मध्येच तुटू शकतो, दोन कामे एकाच क्षणी येऊ शकतात. या सगळ्या शक्यता तपासणे अवघड असते.

व्हिडिओ कॅप्चर कार्डाची अडचण वेगळी कशी?

कीबोर्ड सेकंदाला फार तर काही अक्षरे पाठवतो. कॅप्चर कार्डाचा मामला मोठा आहे. १९२० बाय १०८० रिझोल्युशनच्या चित्राला प्रति पिक्सेल दोन बाइट धरले, तर एका फ्रेमचे ४१,४७,२०० बाइट होतात. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे सुमारे २४९ एमबी. इतका मजकूर प्रोसेसरमार्फत एकेक करून हलवणे परवडत नाही. त्यामुळे पीसीआय एक्स्प्रेस कार्डे ‘डीएमए’ ही पद्धत वापरतात. ड्रायव्हर कार्डाला मेमरीतील पत्ता आणि जागेची लांबी सांगतो आणि कार्ड प्रोसेसरला न विचारता थेट तिथे फ्रेम ओतते.

धोका नेमका इथेच आहे. समजा, १२८० बाय ७२० चे चित्र येत होते आणि ड्रायव्हरने १८,४३,२०० बाइटची जागा राखून ठेवली होती. मध्येच कुणी दुसरा लॅपटॉप जोडला आणि १०८०चे चित्र सुरू झाले. ड्रायव्हरने आधी कार्ड थांबवून नवी जागा घेतली तर ठीक. तसे झाले नाही आणि कार्डावरही मर्यादा घातलेली नसेल, तर उरलेले २३ लाख बाइट शेजारच्या मेमरीवर जाऊन पडतात. तिथे दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरची माहिती असू शकते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे प्रक्षेपणाचे सॉफ्टवेअर बंद होताच मेमरी मोकळी करणे, पण कार्डाला ‘थांब’ सांगायला उशीर होणे. ती जागा दुसऱ्याला दिली जाते आणि कार्ड तिथे जुन्याच सवयीने लिहीत राहते.

लिनक्सवरील ‘बीटीटीव्ही’ या जुन्या टीव्ही ट्यूनर कार्डांच्या ड्रायव्हरसोबतच्या माहितीपत्रकात तर संगणक गोठण्याच्या तक्रारींसाठी स्वतंत्र भाग आहे. चूक ड्रायव्हरमध्ये असू शकते, खराब हार्डवेअरमध्ये असू शकते किंवा मदरबोर्डाच्या चिपसेटमध्येही, असे तिथे प्रांजळपणे सांगितले आहे. काही चिपसेटसाठी वेगळे पर्यायही दिले आहेत.

दोषी ड्रायव्हर शोधायचा कसा?

पहिला प्रश्न : दोष ड्रायव्हरचाच आहे का? खराब रॅम, कमी पडणारा पॉवर सप्लाय आणि उष्णता यांमुळेही असाच क्रॅश होतो. संगणक कार्ड वापरतानाच कोसळतो, की एरवीही? कार्ड काढून एक-दोन दिवस चालवून पाहणे, स्लॉट बदलणे आणि रात्रभर मेमरी चाचणी लावणे हे सर्वांत स्वस्त उपाय आहेत.

दुसरे काम पुरावा जपण्याचे. विंडोजमध्ये ‘ऑटोमॅटिक रीस्टार्ट’ बंद केले, की स्क्रीनवरील संदेश वाचता येतो, मोबाइलवर त्याचा फोटो काढता येतो. विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘मिनीडंप’ नावाचे उपफोल्डर असते. क्रॅशच्या क्षणाची नोंद तिथे साठते आणि मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘विनडीबीजी’ साधनाने ती वाचता येते. लिनक्समध्ये मागील बूटचा कर्नल लॉग पाहतात. अडचण अशी, की पॅनिकनंतर डिस्कवर लिहिणेच थांबते. त्यामुळे शेवटच्या ओळी, म्हणजे सर्वांत महत्त्वाच्या ओळी, लॉगमध्ये सापडतीलच असे नाही. त्यासाठी ‘केडंप’ची सोय आहे. थोडी मेमरी बाजूला राखून तिथे दुसरा छोटा कर्नल तयार ठेवला जातो. पहिला कोसळला, की दुसरा जागा होऊन पंचनामा लिहून ठेवतो. नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकाकडे लॉग पाठवत राहण्याचा ‘नेटकन्सोल’ हा आणखी एक मार्ग आहे.

तिसरे काम नोंद वाचण्याचे. ‘कॉल ट्रेस’मध्ये कोसळण्यापूर्वी कोणते फंक्शन कुणी बोलावले याची उतरंड दिसते. त्यात कॅप्चर कार्डाच्या ड्रायव्हरचे नाव वरच्या ओळींत वारंवार दिसत असेल तर संशय बळावतो. पण जो जागेवर सापडला तोच चोर असे नाही. कॅप्चर कार्डाने शेजारची मेमरी बिघडवलेली असते आणि दहा मिनिटांनी त्या मेमरीवर विसंबलेला नेटवर्कचा ड्रायव्हर कोसळतो. नोंदीत नाव येते नेटवर्कचे. प्रत्येक क्रॅशमध्ये वेगळेच नाव येत असेल, तर एक तर रॅम खराब आहे किंवा कुणीतरी मेमरी बिघडवत आहे, असे समजावे.

असा लपलेला गुन्हेगार पकडण्यासाठी विंडोजमध्ये ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ आहे. तो निवडलेल्या ड्रायव्हरवर मुद्दाम कडक पहारा बसवतो आणि चूक होताच त्याच क्षणी यंत्रणा थांबवतो. लिनक्समध्ये ‘केएएसएएन’ हे काम करते, मात्र त्यासाठी कर्नल वेगळा बांधावा लागतो. व्हेरिफायर सगळ्या ड्रायव्हरना एकदम लावणे धोक्याचे आहे, कारण संगणक सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते. आधी बॅकअप घ्यावा आणि फक्त संशयित ड्रायव्हरला तो लावावा.

चौथा प्रश्न : मधल्या काळात काय बदलले? विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरमधून ‘रोल बॅक ड्रायव्हर’ करता येते. लिनक्समध्ये सुरुवातीच्या मेनूतून जुना कर्नल निवडता येतो. जुन्या कर्नलवर कार्ड नीट चालत असेल तर अर्धा तपास संपला. लिनक्स कर्नलची अंतर्गत रचना आवृत्तीगणिक बदलते आणि ती स्थिर ठेवण्याचे आश्वासन त्याचे विकासक जाणीवपूर्वक देत नाहीत. त्यामुळे कर्नलमध्ये समाविष्ट नसलेला, कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेला ड्रायव्हर एका अपडेटनंतर मोडू शकतो. असा ड्रायव्हर चढवला असेल तर कर्नल स्वतःवर ‘टेंटेड’ असा शिक्का मारून घेतो आणि क्रॅशच्या नोंदीत तो दिसतो.

तोवर तात्पुरता उपाय म्हणजे सेफ मोडमध्ये जाऊन ड्रायव्हर काढणे किंवा लिनक्समध्ये तो मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करणे. बायोसमध्ये ‘आयओएमएमयू’ची सोय असेल तर ती सुरू करणेही फायद्याचे. कार्डाला नेमून दिलेल्या जागेबाहेर लिहू न देणारा हा पहारेकरी आहे. ज्यांचे काम एका कॅमेऱ्यावर भागते, त्यांच्यासाठी यूएसबीवरील ‘यूव्हीसी’ प्रकारची कॅप्चर उपकरणे सोपी पडतात. वेबकॅम आणि व्हिडिओ उपकरणांसाठी ठरलेल्या या सामाईक पद्धतीमुळे कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ऑपरेटिंग सिस्टीमसोबत येणारा, लाखो लोकांनी वापरलेला ड्रायव्हर पुरतो. पण तोही निर्दोष असतोच असे नाही.

यूव्हीसी ड्रायव्हरमध्ये काय चूक होती?

यूव्हीसी उपकरण जोडले, की ते आपण कोणकोणत्या आकाराची चित्रे देऊ शकतो याची यादी सांगते. लिनक्सचा ड्रायव्हर आधी यादी मोजतो, तेवढी मेमरी घेतो आणि मग यादी तिथे भरतो. मोजताना ‘अनिश्चित’ प्रकारच्या नोंदी तो सोडून देत होता, भरताना मात्र त्याही भरत होता. पंगतीला पन्नास पाने मांडायची आणि पंचावन्न माणसे बसवायची, असा हा प्रकार. जास्तीची पाच शेजारच्या घरात शिरणारच.

ही चूक २००८च्या २.६.२६ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये होती. सीव्हीई-२०२४-५३१०४ या क्रमांकाने ती डिसेंबर २०२४मध्ये नोंदवली गेली. साध्या उपकरणाने ती उघडी पडली असती तर फार तर संगणक कोसळला असता. पण मुद्दाम तयार केलेल्या उपकरणाने जास्तीच्या नोंदीत हवे ते लिहिले तर कर्नलचा ताबाच मिळवता येतो. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्स कर्नलचाच आहे. फोनला वेबकॅम जोडावा असे फारसे कुणाच्या मनात येत नाही, तरी तो ड्रायव्हर फोनमध्ये असतो.

फेब्रुवारी २०२५च्या अँड्रॉइड सुरक्षा अपडेटमध्ये गुगलने ही चूक दुरुस्त केली आणि तिचा मर्यादित, ठरावीक लोकांविरुद्ध वापर होत असल्याची चिन्हे असल्याचे सांगितले. अमेरिकेच्या ‘सिसा’ या सायबर सुरक्षा यंत्रणेनेही वापर होत असलेल्या त्रुटींच्या यादीत ती घातली. त्याच महिन्याच्या अखेरीस अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने अहवाल प्रसिद्ध केला. सर्बियातील एका विद्यार्थी आंदोलकाचा फोन डिसेंबर २०२४मध्ये सेलेब्राइट कंपनीच्या साधनाने उघडण्यात आला आणि त्यासाठी वापरलेल्या त्रुटींच्या साखळीत ही चूक होती, असे त्यात म्हटले आहे. साखळीतील इतर दोन त्रुटी यूएसबी ऑडिओ आणि टचपॅडसारख्या उपकरणांच्या ड्रायव्हरमधील होत्या. फोनला एकामागोमाग एक यूएसबी उपकरणे जोडली गेल्याच्या खुणा तपासकांना फोनच्या लॉगमध्ये सापडल्या. म्हणजे क्रॅशचा तपास करणाऱ्याला उपयोगी पडणारा लॉग इथे घुसखोरीचा पुरावा ठरला. या प्रकरणानंतर सर्बियातील काही ग्राहकांना साधनाचा वापर थांबवल्याचे सेलेब्राइटने जाहीर केले.

क्राउडस्ट्राइक प्रकरणाचा याच्याशी काय संबंध?

१९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांना एक छोटी फाइल पाठवली. कंपनीचा ड्रायव्हर कर्नलमध्ये चालत होता. नव्या फाइलमधील नियमांना २१ माहिती-रकाने अपेक्षित होते, ड्रायव्हरला मिळत होते २०. एकविसावा वाचायला तो गेला आणि आपल्या हद्दीबाहेर पोहोचला. पुन्हा तीच मोजणीतील चूक. फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली गेली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक कोसळले होते.

मुंबईसह देशातील विमानतळांवर चेक-इन रखडले, प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. देशातील १० बँका आणि बिगरबँक वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने तेव्हा स्पष्ट केले. सर्वांत त्रासदायक होती ती दुरुस्ती. कोसळलेला संगणक इंटरनेटपर्यंत पोहोचतच नसल्याने अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल पुसावी लागली. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर त्याआधी ४८ आकडी किल्ली शोधण्याची वेळ आली.

या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची डिजिटल स्वाक्षरी होती. पण बाहेरून येणारी नियमांची फाइल ड्रायव्हर नसल्याने त्या चाचणीतून जात नव्हती. स्वाक्षरीमुळे ड्रायव्हर कुणाचा आहे ते कळते, तो चुकणार नाही याची हमी मिळत नाही.

मग ड्रायव्हर कर्नलमध्ये ठेवायचेच कशाला?

हा वाद जुना आहे. ड्रायव्हर कर्नलबाहेर ठेवावेत असे सांगणारे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्यात १९९२मध्येच यावर खडाजंगी झाली होती. कर्नलमध्ये राहण्याचे मुख्य कारण वेग. बाहेर ठेवले तर प्रत्येक कामासाठी आत-बाहेर ये-जा करावी लागते. सेकंदाला २४९ एमबी हलवताना तो खर्च डोळ्यांत भरतो.

तरीही वारे बदलले आहे. अॅपलने २०१९च्या मॅकओएस कॅटालिनापासून कर्नलबाहेर चालणाऱ्या ‘ड्रायव्हरकिट’चा मार्ग आणला. अॅपलच्या स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये तर इतर कंपन्यांचा जुन्या पद्धतीचा कर्नल ड्रायव्हर चढवायचा असेल तर सुरक्षेची पातळी मुद्दाम खाली आणावी लागते. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘विंडोज रेझिलियन्सी इनिशिएटिव्ह’ जाहीर करून सुरक्षा कंपन्यांची उत्पादने कर्नलबाहेर चालतील अशी सोय करण्याचे ठरवले. यात युरोपचा पेच आहे. सुरक्षा कंपन्यांना आपल्याइतकाच प्रवेश देण्याचे मायक्रोसॉफ्टने २००९मध्ये युरोपीय आयोगासमोर मान्य केले होते. त्यामुळे इतरांना बाहेर काढायचे तर स्वतःलाही तोच नियम लावावा लागेल. लिनक्सने २०२२च्या ६.१ आवृत्तीपासून रस्ट भाषेसाठी दार उघडले. हद्दीबाहेर लिहिण्याच्या बऱ्याच चुका या भाषेत रोखल्या जातात. मात्र जुने लक्षावधी ओळींचे ड्रायव्हर सी भाषेतच आहेत आणि कार्ड डीएमएने परस्पर काय लिहिते यावर कुठल्याही भाषेचा थेट ताबा नसतो.

सामान्य वापरकर्त्यासाठी याचा अर्थ काय?

प्रक्षेपणाचा व्यवसाय करणाऱ्याने हंगामाच्या तोंडावर ड्रायव्हर किंवा ऑपरेटिंग सिस्टीमचे अपडेट कामाच्या संगणकावर थेट चढवू नये. आधी दोन-तीन तासांचे सराव-प्रक्षेपण करावे, त्यात केबल काढून-घालून, रिझोल्युशन बदलून पाहावे आणि चालणाऱ्या जुन्या ड्रायव्हरची फाइल जपून ठेवावी. कार्ड विकत घेताना किमतीइतकेच त्याच्या ड्रायव्हरचे शेवटचे अपडेट कधी आले हेही पाहावे. तक्रार करताना ‘संगणक बंद पडतो’ एवढ्याने भागत नाही. डंप फाइल, ड्रायव्हरची आवृत्ती आणि क्रॅश पुन्हा कसा घडवता येतो, हे सोबत दिले तर कंपनीला टाळाटाळ करणे अवघड जाते.

फोनबाबत गणित उलटे आहे. तिथे सुरक्षा अपडेट लांबवणे हाच धोका. यूएसबी साखळीतील तिन्ही त्रुटींवरील उपाय फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ या काळातील अँड्रॉइड अपडेटमध्ये आले. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख ५ एप्रिल २०२५ किंवा त्यानंतरची असेल तर ती दारे बंद झाली आहेत. तारीख त्याआधीची असेल आणि कंपनीने अपडेट देणे थांबवले असेल, तर २००८पासूनची ती मोजणीतील चूक त्या फोनमध्ये अजूनही असू शकते.